खोडरबराने धरलेला सूर

दादा,

तुझी मुलाखत वाचली. "धाकटीला संसार करायचा होता, म्हणून तिने बँड सोडला," म्हणे! कुठला संसार रे?

बोट उचललं की सूर थांबलाच पाहिजे, हे पियानोच्या बाईंनी लहानपणीच माझ्या अंगात भिनवलं होतं. तुझ्या लांबलचक गाण्यांत मात्र मी कीबोर्डची एकच पट्टी दाबून बसायचे, कारण तुझी गिटार संपता संपायची नाही. शेवटी मी पट्ट्यांच्या फटीत खोडरबर खोचायला लागले. पट्टी दबलेली राहायची, सूर चालू राहायचा.

त्या शेवटच्या कार्यक्रमात खोडरबर खोचला आणि उठले. विंगेत थोडी थांबलेसुद्धा, तू वळून बघशील म्हणून. तू डोळे मिटून वाजवत होतास. मग कोट घातला आणि घरी गेले. टाळ्या पडल्यावर तू ऐटीत माझ्याकडे हात केलास, तेव्हा तुला रिकामी खुर्ची दिसली. हे ड्रमरने सांगितलं.

आता बँड पुन्हा उभा करतोयस आणि निरोप धाडतोस, "तुझ्याशिवाय जमणार नाही गं."

हे पत्र काही मी पोस्टात टाकणार नाही. तुझं जमेल, दादा. खोडरबर तुझ्याकडे राहिलेल्या कीबोर्डच्या पेटीतच असेल.

उठून गेलेली,
धाकटी