पत्ता बदलू नये

मी, इल्मा कांगस, वय एकाहत्तर, शाळेच्या कार्यालयातील निवृत्त लेखनिक, बुद्धी जागेवर असताना आणि कोणीही न सांगता हे लिहीत आहे. पती रेइनो याच्याबरोबर पूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. तळ्याकाठचे घर आणि मागचा सौना, म्हणजे रेइनोच्या वडिलांनी बांधलेली वाफेची न्हाणी, मी व्हर्ना सेप्पला हिला देते. ती नात्याची नाही. रेइनोच्या शेवटच्या आजारात ती मदतनीस म्हणून घरी येत असे. अंग पुसताना त्याला म्हणे, "लाजताय काय? चार नवरे न्हाऊ घातलेत मी. त्यातला एकच माझा होता." तो हसायचा. हसताना दुखायचे, तरी हसायचा.

२. सावत्र मुलगा डेल याला घर का नाही, ते इथेच लिहिते. त्याला वकिलाकडे हेलपाटे नकोत. व्हर्नाचा आणि नर्सचा पगार डेल देत होता, हे मी नाकारत नाही. असा खर्च करणाऱ्याला करात सवलत मिळते, पण रोगी त्याच्याच घरी राहत असला तरच. आम्हा दोघांच्या पेन्शनवर करच बसत नव्हता. सवलत घेणार कशातून?

"इल्मा, तुम्ही फक्त सही करा," डेल म्हणाला. "बाबा माझ्या पत्त्यावर आले की झालं. इथे राहिले तर एक कवडी सुटायची नाही. आणि तुम्हालाही जरा पाठ टेकता येईल."

मी संमतिपत्रावर सही केली. रेइनोला विचारले नाही.

गाडीत बसवताना तो म्हणाला, "सौनाची चूल विझवलीस ना?" मी हो म्हटले. डेलच्या तळघरातल्या खोलीत तो अकरा दिवस होता. मी दिवसाआड जात असे. प्रत्येक वेळी विचारी, "आपण निघायचं कधी?" मेल्यावर आपल्याला सौनात आंघोळ घालावी, वडिलांना घातली तशी, एवढेच त्याने मागितले होते. त्याला परक्या माणसांनी पत्र्याच्या टेबलावर धुतले.

डेलला सवलत मिळाली.

रेइनोला डेलकडे नेले त्या दुपारी मी चार तास गाढ झोपले. तेही या कागदावर असू द्यावे.

३. रेइनोच्या करवती आणि रंधे डेलला द्यावेत. ती इच्छा रेइनोची, माझी नव्हे. माझ्याकडून त्याला त्या संमतिपत्राची प्रत द्यावी. त्याची आणि माझी, दोन्ही सह्या स्पष्ट आहेत.

४. मला घरी सांभाळणाऱ्यांचा पगार माझ्या शिल्लकीतून जाईल. मी माझ्याच घरी असल्याने त्यावर कोणालाही सवलत मिळणार नाही. न मिळो. उरेल ते गावच्या वाचनालयाला.

५. गेल्या रविवारी डेलचा फोन आला. "तुमचाही पत्ता आत्ताच बदलून ठेवू या, नंतर धावपळ नको." मी फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. मी याच घरात मरणार आहे. तसे वेगळे पत्र डॉक्टरांकडे दिले आहे. नंतर व्हर्नाने सौना तापवावा आणि मला तिथे आंघोळ घालावी. पाणी तळ्याचे घ्यावे. एक बादली रेइनोच्या नावाने ओतावी.

वाचून पाहिले. खाडाखोड नाही.

इल्मा कांगस

आमच्यासमोर सही झाली. आम्हाला स्वतःला यातून काही मिळायचे नाही:
आर्वो निएमी, शेजारी
लॉइस हार्टविग, ग्रंथपाल

दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९
स्थळ: माझे घर