सतरा नंबरच्या चरातला राजवाडा

३ ऑक्टोबर, सकाळी सहा
आजपासून रोज लिहिणार. उत्खननवाले सगळे वही ठेवतात. इथल्या चार मजुरांत वही असलेला मी एकटाच.

काम असं: रेल्वे जाणार त्या पट्ट्यात पोकलेनने चर मारायचे आणि खाली जुनं काही आहे का ते बघायचं. निघालं तर मोठं उत्खनन, दोन वर्षं पक्की नोकरी. नाही निघालं तर दिमित्रच्या सणाला, म्हणजे सव्वीसला, सगळे घरी आणि वर रूळ.

नोकरी पक्की झाली तर रुमेनाचं बघू, असं तिचे वडील इलको काका म्हणालेत. ते स्वतः दोन हजार अकरा साली रेल्वेत होते, गावात अजून सांगतात. मी आईला कळवलं, झालोच पक्का समज.

७ ऑक्टोबर
चर ९ ते १२. काही नाही. पोकलेन वरची माती काढतो, मी फावड्याने तळ तासतो, पुरातत्त्ववाल्या वेलिस्लावा बाई माती वाचतात. पिवळी म्हणजे रिकामं, काळा डाग म्हणजे कोणीतरी कधीतरी खणलेलं. मला हे अर्ध्या तासात समजलं. बाईंना कॉलेजची सात वर्षं लागली. बोललो नाही, वाईट वाटेल.

पोकलेनवाला मनोल मामा म्हणाला, "स्तामेन, तासतोयस की जमिनीची दाढी करतोयस?" कलाकाराला हे ऐकावंच लागतं.

सिगरेट बंद.

१० ऑक्टोबर
सिगरेट सोमवारपासून बंद. चर १३ मध्ये घोड्याचा नाल. रोमन आहे, असं मी जाहीर केलं. मनोल मामा म्हणाला, "या शेतवाल्या पेन्चोच्या घोडीचा आहे. गेल्या वर्षी पडला, ती अजून लंगडतेय." बाई हसल्या. या क्षेत्रात मत्सर फार.

१४ ऑक्टोबर, दुपारी
चर १७. पिवळ्या मातीत आडवा काळा पट्टा, दोन मीटर रुंद, दोन्ही कडा दोरी लावल्यासारख्या सरळ. मीच तासून काढला. साधा माणूस इतकं सरळ काही करत नाही. राजवाडा आहे.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "इतकं सरळ काही जुनं नसतं रे. पण हाताने खणून बघावं लागेल." त्यांच्या वाक्यातला दुसरा भाग महत्त्वाचा.

आईला फोन केला. फक्त तिलाच.

१५ ऑक्टोबर
गावभर झालंय.

१६ ऑक्टोबर
अर्धा मीटर खाली गेलो. माती फारच मऊ आहे, बाई म्हणाल्या, आणि तोंड वाकडं केलं. राजवाड्याची माती मऊच असणार. इलको काकांचा फोन. रविवारी येतायत बघायला, चौदा तास बसने. मी म्हटलं, आत सोडत नाहीत कोणाला, पण माझं नाव सांगा.

बाईंसारखी टोपी घ्यायची. चालताना हात मागे.

१९ ऑक्टोबर, रविवार
मुदत जवळ आली म्हणून आजही काम. इलको काका आले. इस्त्रीचा कोट, हातात काकूंनी केलेल्या चीज भरलेल्या पापुद्र्याच्या बानित्साचा ट्रे. मी त्यांना काठावर उभं करून समजावलं: हा दरबार, तिकडे मुदपाकखाना. काका भारावले. मग शेताच्या कडेच्या अक्रोडाकडे बघितलं, परत चराकडे, परत अक्रोडाकडे. आणि कोटासकट मातीत बसले.

तेवढ्यात माझं फावडं प्लॅस्टिकला लागलं. पिशवी. आत एक नाणं आणि चिठ्ठी. बाईंनी मोठ्याने वाचली: चर चार, रेल्वेची पहिली आखणी, २०११, काही सापडलं नाही, बुजवला. पुढच्यांचा वेळ जाऊ नये म्हणून तळाशी त्या सालचं नाणं आणि अशी चिठ्ठी ठेवतात, म्हणे. त्या जुन्या चरांचा नकाशा बाईंकडे आलाच नव्हता.

खाली मजुरांच्या सह्या. तिसरी इलको काकांची.

मनोल मामा पोकलेनवरून म्हणाला, "अरे वा, राजे स्वतःच आलेत वाडा बघायला."

बसची वाट बघताना मी हळूच म्हटलं, काका, हे आपल्या दोघांतच राहील. आता यांना नाही म्हणणं जड जाणार, असा माझा अंदाज. काका बानित्सा चावत राहिले. मग म्हणाले, "मीपण बायकोला असंच सांगितलं होतं, झालोच पक्का समज. तू अगदी माझ्यासारखा आहेस रे. म्हणून तर मुलगी देत नाही. तसल्या माणसाची बायको मी रोज बघतो."

अगदी माझ्यासारखा, म्हणाले. म्हणजे घरचाच मानतात.

२६ ऑक्टोबर, दिमित्रचा सण
काल चर बुजवला. बाईंनी नवी चिठ्ठी मलाच लिहायला लावली: दुसऱ्यांदा खणला, दुसऱ्यांदा काही नाही. आज सगळे मोकळे.

रुमेनाला फोन केला. म्हटलं, काम तूर्त थांबवलंय, वरून ऑर्डर आहे, राजवाड्याचं फार बोलता येत नाही.

ती म्हणाली, बाबांनी घरी आल्या आल्या आईला सगळं सांगून टाकलं, ते रेल्वेत कधीच नव्हते, खड्डे खणत होते. आई चिडली नाही. म्हणाली, मला पहिल्या वर्षीच कळलं होतं, नखांतली माती बघून. मग दोघं बसून जेवली.

"बाबांना चौदा वर्षं लागली," रुमेना म्हणाली. "तुला किती लागतील?"

मी म्हटलं, आवाज तुटतोय.

तुटत नव्हता.