आंधळ्यालाही दिसणारी ओळ

खार्कोव्ह, ९ एप्रिल १९७१

प्रिय झ्यामा,

तुझ्यावर इतकी चिडले आहे की दोन कागद फाडून हा तिसरा घेतलाय. वीस तारखेला माझ्या डॉक्टरेटची जाहीर परीक्षा ठरलेली. त्यानंतरच्या मेजवानीसाठी आईने माशांचे डबे आत्तापासून पलंगाखाली रचून ठेवलेत. आणि मी सहा आठवडे तुझ्या एका ओळीवर डोकं आपटत बसले.

कुठली ओळ, ते तुला ठाऊक आहे. आपल्या दोघांच्या शोधनिबंधातली चौथी पायरी. अतिसंवाहकात शिरणाऱ्या चुंबकीय भोवऱ्यांची कोणतीही वाकडीतिकडी मांडणी, ऊर्जा न वाढवता, सरळ ओळींत आणता येते, 'हे सहज दिसते'. आणि त्यावरूनच पुढे आपला निष्कर्ष, की सर्वांत कमी ऊर्जेची मांडणी त्रिकोणीच. आठ वर्षांपूर्वी चर्चासत्रात मी विचारलं, कुठून दिसतं? तू खडू टाकून हसलास. "रिम्मोच्का, अगं आंधळ्यालाही दिसेल!" सगळे हसले, मीही हसले. तेव्हा तुझ्या प्रेमात होते, मला तू म्हणशील ते सगळंच दिसत होतं.

त्यात खालच्या प्रयोगशाळेतला वेन्या जखमेवर मीठ चोळतो. थंड केलेल्या अतिसंवाहकावर लोखंडाची भुकटी बसवून काढलेला फोटो त्याने माझ्या टेबलावर आपटला. प्रत्येक भोवऱ्यावर एक ठिपका, आणि सगळे ठिपके त्रिकोणांत. "बघ, निसर्गाने करून दाखवलंय. आता तू काय सिद्ध करतेस, कपाळ?" मी म्हटलं, याहून कमी ऊर्जेची मांडणी असूच शकत नाही, हे तुझी भुकटी सांगते का रे? "तुम्ही गणितवाले जेवायच्या आधी भूक सिद्ध करत बसाल," असं म्हणून माझा चहा पिऊन गेला. मला त्याचा हेवा वाटला.

तिन्ही परीक्षकांचे अहवाल उत्तम आहेत. त्या ओळीपाशी एकही थांबलेला नाही. मी गप्प बसले असते, तर वीस तारीख सुखाने पार पडली असती.

पण मंगळवारी मला एक अशी मांडणी सापडली की ती कशीही सरळ करायला जा, ऊर्जा वाढतेच. तिसऱ्या दशांशस्थळी का होईना, वाढते. आठ वेळा तपासलं. त्रिकोणच खरा असेल, झ्यामा, पण आपण तो सिद्ध केलेला नाही. काल मी प्रबंध मागे घेतला. आईला सांगायचा धीर होत नाही. तुझी डॉक्टरेट आणि नोवोसिबिर्स्कमधली तुझी खुर्चीही त्याच चौथ्या पायरीवर उभी आहे. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून लिहिते आहे. सोबत नियतकालिकाला पाठवायचं दुरुस्तीपत्र आहे. आधी तुझं नाव, मग माझं. मी सही केली आहे, तुझी जागा मोकळी आहे. महिनाअखेरपर्यंत ते परत आलं नाही, तर एकटीच्या सहीने पाठवीन. पण मग तुला पुन्हा पत्र लिहिणं मला जमायचं नाही. सही कर रे.

इतकं होऊनही तुझीच,
रिम्मा