चाळणी आणि आबांचं उत्तर

६ जाने. २००३, सोम. अंबाजोगाई
सकाळी लॅब उघडली तर मेलचं मशीन अडकलेलं. की दाबली की अक्षर अर्ध्या मिनिटाने उमटतंय. कशीबशी चालू प्रोग्रॅमची यादी काढली. माझ्या चाळणीच्या एकतीस प्रती एकाच वेळी पळतायत. नको त्या जाहिराती गाळायला मीच बसवलेली चाळणी ही. एरवी दोन-तीन सेकंदांत पत्र बघते आणि बाजूला होते. आज एकही बाजूला होईना. सगळ्या मारल्या, तासाभरात पुन्हा सात. कॉलेजभर बोंब. प्राचार्यांचा दोनदा निरोप.

आबांचं उत्तर आजही नाही. काल रविवार, म्हणजे त्यांचा बाजाराचा दिवस. साखर कारखान्याच्या तळावर फोन नाही, पण रविवारी तालुक्याला जातात, तिथल्या सायबर कॅफेत मेल बघतात. महिना झाला लिहून. आई गेली, तुमच्या छातीत एकदा दुखून झालं, आता ऊसतोडीच्या पोरांची शाळा पुरे करा, माझ्याकडे राहायला या. शेजारच्या शेटे काकूंनी त्यांच्या मागच्या दोन खोल्या संक्रांतीपर्यंत धरून ठेवल्यात.
हो किंवा नाही, एवढंच तर लिहायचंय.

७ जाने., मंगळ.
पुन्हा तेच. पण आज मारत न बसता नुसतं बघत बसले. गंमत अशी की पत्रं एकतीस नाहीत, एकच आहे! आपलं मशीन दर दहा मिनिटांनी औरंगाबादला फोन लावून टपाल आणतं. हे पत्र चाळणीत घुसतं आणि बाहेरच येत नाही. मशीनला वाटतं पोचलं नाही, मग पुढच्या फेरीला पुन्हा तेच आणतं. पुन्हा नवी चाळणी. बिचारं इमानदार आहे, त्याचा दोष नाही.
पण एका पत्रात अडकण्यासारखं आहे तरी काय? डोक्यातून जाईना. वरण करपलं.

८ जाने., बुध.
प्राचार्य म्हणाले, आज दुपारपर्यंत सुरळीत झालं नाही तर चाळणी काढून टाका. चार महिन्यांची मेहनत. म्हणून औरंगाबादच्या पेटीत हाताने शिरले आणि ते पत्र बघितलं. पाठवणारा कुणीतरी अनोळखी, नावापुढे चार आकडे. विषय कोरा. आत सगळा कचरा. कंस, टक्क्याची चिन्हं, टोपी घातलेले ए, उलटी प्रश्नचिन्हं. कुठल्या तरी परदेशी भाषेतली जाहिरात असणार.
पुसलं. पाच मिनिटांत मशीन हलकं. प्राचार्य 'छान' म्हणाले, वर्षातून एकदा म्हणतात.

नंतर चुटपुट लागली. पुरावाच पुसला. का अडकलं ते आता कधी कळणार नाही.

१३ जाने., सोम.
अडकलं! खरं सांगायचं तर आनंदच झाला. सोमवारीच का बरं? तोच पाठवणारा, तसाच कचरा. या वेळी शहाणपणा केला. पेटीतून उचलून वेगळ्या फायलीत ठेवलं, मग टपाल सुरू केलं. प्राचार्यांना कळलंसुद्धा नाही.
आबांचं काही नाही. मी त्यांना उघडून दिलेल्या मेलच्या पत्त्यावरून एक ओळ नाही. रागावले असतील. 'पुरे करा' हा शब्द नको होता. तीस वर्षं शिरूरला मास्तरकी केलेल्या माणसाला शाळा पुरे करा म्हणायचं म्हणजे.

१४ जाने., मंगळ. संक्रांत
सुट्टी. तरी लॅबची किल्ली घेऊन गेले. पत्राचे तुकडे करून एकेक चाळणीत टाकला. छोटा तुकडा लगेच बाहेर. मोठा तुकडा जरा वेळाने. अख्खं पत्र, संपतच नाही. मग मधे मधे एंटर मारून ओळी पाडल्या, तर सेकंदात बाहेर!
सापडलं. चूक माझीच. जाहिरातवाले हल्ली अक्षरांच्या मधे ठिपके, कंस घालून चकवतात, म्हणून डिसेंबरच्या शेवटी मी एक नियम लिहिला होता: असे ठिपके-कंस सगळ्या तऱ्हांनी जुळवून बघ, ओळ संपेपर्यंत सोडू नकोस. आणि या पत्रात ओळ एकच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही एंटर नाही. बिचारी चाळणी शेवट शोधत फिरतेय.
एवढं लांब पत्र एंटर न मारता कोण लिहितं?

येताना काकूंच्या घरी तिळगूळ. आबांचा विषय निघालाच. म्हणाल्या, "ठेवते गं खोल्या अजून आठ दिस. पर मला सांग तरी, येणार हाय का न्हाई."
तिळगूळ घेऊन निघाले.

१५ जाने., बुध.
प्राचार्यांना दाखवायला पत्राचं पहिलं पान छापलं. प्रिंटर ऑफिसात, टायपिंगवाल्या जोगदंड मामांच्या टेबलाशी. कागद त्यांच्याच हातात पडला. त्यांना म्हटलं, टाका बाजूला, कचरा आहे. त्यांनी चष्मा वर केला.
"मॅडम, हे तर आपलं मराठी हाय. फॉन्ट न्हाई बसला म्हणून असं दिसतंय. तुमी ह्याला कचरा कावून म्हणताव?"
फ्लॉपी दिली. मामांनी त्यांच्या मशीनवर उघडलं, सगळं निवडलं, फॉन्ट बदलला.
'चि. सुमन, अनेक आशीर्वाद.'
खुर्ची ओढली आणि पुढे वाचू लागले.

१६ जाने., गुरु.
काल पुढचं लिहवलं नाही. आज लिहिते.
आबा पासवर्ड विसरले. कॅफेवाल्याने स्वतःच्या पत्त्यावरून पाठवू दिलं. 'हा गृहस्थ भला आहे. एंटर दाबलं की पत्र सुटतं, असं त्याने पहिल्याच दिवशी बजावलं आहे, म्हणून मी त्या कळीला हात लावत नाही.' मेलबॉक्सशेजारच्या गप्पांच्या खिडकीबद्दल सांगितलं असणार त्याने. आबांनी सगळीकडेच पाळलं. आयुष्यभर सांगितलेलं पाळणारा माणूस.
पुढे पोरांबद्दल. चौतीस आहेत. आष्टीकडची एक मुलगी कोयत्याच्या मुठीवर कोळशाने पाढे लिहिते, म्हणजे आईला ऊस तोडता तोडता पाठ होतात. वाचताना हसले.
आणि मग हे. उतरवून ठेवते.
'तुझ्या प्रश्नाचं उत्तर मागच्या पत्रात सविस्तर दिलं आहे. ते लिहायला मला पूर्ण दुपार लागली, आणि लिहून झाल्यावर बरं वाटलं. तेच पुन्हा लिहिणं मला जमणार नाही. तू वाचून काय ठरवलंस ते कळव.'

मागचं पत्र. आठ तारखेला पुसलेलं. औरंगाबादला फोन केला, ते म्हणाले पुसलं की गेलं. आपल्या मशीनवर त्याच्या एकतीस प्रती होत्या, त्याही मीच मारल्या.

१७ जाने., शुक्र.
खोटं लिहायचं मनात आलं. 'वाचलं, ठीक आहे' एवढं लिहावं आणि पुढच्या पत्रातून अंदाज घ्यावा. नाही जमलं. मामांच्या मशीनवर बसून खरं तेच टाइप केलं आणि कॅफेवाल्याच्या पत्त्यावर पाठवलं. 'आबा, तुमचं पहिलं पत्र मला कचरा वाटलं आणि मी न वाचता पुसलं. पुन्हा लिहवत नसेल तर हो किंवा नाही, एकच शब्द लिहा. एंटर मारलं तरी चालतं, पत्र सुटत नाही.'
ते वाचून काय वाटेल त्यांना? वह्या तपासताना कुणाचा कागद कधी फाडला नाही त्यांनी.

२० जाने., सोम.
आठलाच लॅबमध्ये. नियम परवाच सुधारलाय, आता कितीही लांब ओळ आली तरी चाळणी अडकणार नाही.
टपालाच्या बारा फेऱ्या झाल्या. जाहिराती तेवढ्या आल्या, गाळल्या गेल्या. त्यातलीही एकेक उघडून बघितली.
प्राचार्य डोकावून म्हणाले, आज सोमवार असून मशीन शांत आहे की.
हो म्हटलं. आज ते अडकलं असतं तर बरं झालं असतं.
काकूंना अजून काही सांगितलेलं नाही.