वाळायला ठेवलेलं पत्र

९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. ते बाबांचं नाही, माझं आहे. त्यांच्याच हाताखाली शिकलं की असं होतं.

इकडे सगळे बरे आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण आई त्यांच्याहून जास्त कुरकुरते, त्यामुळे दोघांचं जमतं. मला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली. नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवते. प्रत्येक चिठ्ठी तीनदा वाचते, म्हणून तिथल्या बायकांनी माझं नावच 'तीनदा' ठेवलंय. 'तीनदा, जेवलीस का गं? की अजून डब्यावरचं नाव वाचतेयस?' असं चालतं. मी हसते. चिठ्ठी मात्र तीनदाच वाचते.

औषधवाल्याच्या दुकानावर बाबांची रंगवलेली पाटी उतरवून तू लावलेली, यंत्रावर कापलेली अक्षरं अजून आहेत. एक उन्हानं सोलवटून लोंबतंय. बाबा त्या रस्त्यानं जात नाहीत, म्हणून त्यांना माहीत नाही.

पत्राचं कारण असं की, यंदा मे महिन्यात आम्ही तुझ्या गावी यायचं म्हणतोय. मागच्या उन्हाळ्यात बाबांना दोनदा चक्कर आली, एकदा तर शिडीवर असतानाच. डॉक्टर म्हणाले, पाट्या रंगवणं पुरे झालं, आणि पुढचा उन्हाळा थंड हवेत काढा. मी चार थंड गावं कागदावर लिहून दिली. बाबांनी कागद न बघताच सांगितलं, 'ते समुद्राकाठचं.' म्हटलं, डोंगरावरचं जवळ पडेल. तर म्हणाले, 'डोंगर चढायचं वय आहे का माझं?' तिथे बस थेट दारापर्यंत जाते, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

तर थोडी चौकशी. संध्याकाळी वारा किती असतो? बाबांचा जाड स्वेटर लागेल की पातळ चालेल? आईनं दोन्ही धुऊन वाळत घातलेत. शेजारीण विचारून गेली, 'एवढ्या उकाड्यात स्वेटर? डोकं ठिकाणावर आहे ना?' एका खानावळवाल्या बाईंना फोन केला, त्यांच्याकडे वर खोल्या आहेत. समुद्र दिसतो का विचारलं, तर म्हणाल्या, 'दिसतो की, गच्चीवरून. गच्चीची किल्ली माझ्याकडे असते.' अशा बाईंकडे उतरावं का?

तुझ्याकडे उतरणार नाही आहोत, ती काळजी करू नकोस.

मी तुला लिहितेय हे बाबांना ठाऊक आहे. तुमच्याकडून काय लिहू विचारलं, तर म्हणाले, 'जागेची चौकशी कर.' आणि ब्रश धुवायला गेले. ब्रश धुतलेलाच होता.

तुझी धाकटी,
टिंबू


४ एप्रिल

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. आता सगळं कळलं. किल्लीवाल्या बाईंकडे जायचं नाही, तिथे बहात्तर पायऱ्या आहेत. जुन्या दीपगृहाच्या मागच्या गल्लीत तळमजला बघायचा. जाड स्वेटर आणायचा. आणि त्या दिवसांत तू कामात असशील.

आईनं 'कामात असेन' हे दोनदा वाचलं आणि कार्ड माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेली. तिच्या वाढदिवसाला तू फोन करतोस, दोन मिनिटं बोलतोस, आणि बाबांचं नाव निघालं की तुझी बस येते. ती मला म्हणाली, 'त्याच्या गावच्या बस फार वेळेवर आहेत गं.'

कार्डावर पाचवी ओळ होती. 'मला काय लिहिलं होतं ते आठवतं का, विचार बाबांना.' आई चष्म्याशिवाय वाचत होती, त्यामुळे कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं तिला दिसलं नाही. बाबांना मी स्वतःच वाचून दाखवलं. ते चष्मा शोधत होते तेवढ्यात मी चार ओळी वाचल्या आणि थांबले.

'एवढंच?'

'एवढंच,' म्हटलं. कार्ड तेव्हापासून माझ्या लॅबच्या पिशवीत आहे.

त्या ओळीचं नंतर लिहीन. आज तिकिटं काढली. चार मेची, खिडकीजवळची.

बाबा एक पाटी करतायत. डॉक्टरांनी नको म्हटलंय, पण एक पाटी म्हणजे काम नव्हे, असं त्यांचं म्हणणं. हात खूप थरथरतो आता. उजवं मनगट डाव्या हातानं धरतात आणि श्वास रोखून एकेक रेघ ओढतात. अकरा दिवसांत चार अक्षरं झाली. कुणाची पाटी विचारलं, तर म्हणाले, 'गिऱ्हाइकाची.' मी मदतीला ब्रश उचलला, तर माझ्याकडे असं बघितलं की ठेवूनच दिला. चौथं अक्षर किंचित कललंय.

दादा, पाटीवर तुझं नाव आहे. मापावरून तरी ती घराच्या दाराची आहे, दुकानाची नव्हे.

सवड काढता येईल का बघ. निदान एक संध्याकाळ.

टिंबू


२१ एप्रिल

दादा,

आज खुशाली शेवटी लिहिते. आधी तुझ्या पाचव्या ओळीचं उत्तर.

बाबांना ते पत्र आठवतं. पण ते तुला मिळालं, हे त्यांना परवापर्यंत माहीत नव्हतं.

मी अकरा वर्षांची होईपर्यंत घरीच शिकले. तू फूटपट्टी घेऊन गणित शिकवायचास, आई वाचून घ्यायची, आणि बाबांचे हात रंगानं भरलेले असायचे म्हणून ते आपली पत्रं मला सांगायचे. तेच माझं शुद्धलेखन. पुढे शाळेत गेले तरी ते काम माझ्याकडेच राहिलं. त्यांची सहीसुद्धा मीच करायची, आणि तू म्हणायचास, 'टिंबू, तू एक दिवस घर विकशील.'

आपल्या घरचा नियम तुला ठाऊक आहेच. रंग वाळल्याशिवाय पाटी दाराबाहेर जात नाही. रागाच्या पत्राचंही तेच. ते रात्रभर रंगाच्या डब्याखाली ठेवायचं. सकाळी बाबा वाचणार, आणि मग 'टाक' नाहीतर 'फाड' म्हणणार. घरमालकाला आणि आत्याला लिहिलेली किती पत्रं मी फाडली, त्याची मोजदाद नाही.

तू गेल्यावर दोन महिन्यांनी तुझं पत्र आलं. 'इथे उन्हाळ्यातही हवा थंड असते. मे महिन्यात सगळे या.' नेमका त्याच दुपारी औषधवाला बाबांची जुनी पाटी घरी घेऊन आला. तुझी अक्षरं लागल्यापासून ती त्याच्या मागच्या खोलीत पडून होती. 'जागा अडते हो,' म्हणाला. बाबांनी ती भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि मला म्हणाले, 'लिही.' काय लिहिलं ते तुझ्याकडे आहेच. आम्ही येणार नाही. तूही येऊ नकोस. माझ्या घराच्या पाटीवर तुझं नाव राहणार नाही.

मी सही केली, पाकीट बंद केलं. डब्याखाली ठेवायला गेले तर डब्याचं बूड ओलं होतं. डाग पडला असता. आणि पेटीतली डाक सहाला उचलतात. मी जाऊन टाकून आले.

सहा वर्षं मी स्वतःला डब्याचं बूड ओलं होतं असंच सांगत आले. दादा, बूड पुसता आलं असतं. फडकं तिथेच होतं. मला राग आला होता. माझ्या गणिताच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तू घर सोडलंस, तेही मला न सांगता. पंधरा वर्षांची होते. वाटलं, यालाही एक दिवस रडू दे. उद्या सकाळी बाबा 'फाड' म्हणतील, नवं पत्र सांगतील, ते एका दिवसाच्या अंतरानं पोचेल, आणि सगळं मिटेल.

सकाळी बाबा 'फाड' म्हणाले. पण नवं काही सांगितलं नाही. 'सध्या काहीच लिहू नको. तो पुन्हा बोलावेल, तेव्हा थेट जाऊ.' मग थोड्या वेळानं विचारलं, 'फाडलंस ना?'

'फाडलं.'

तू पुन्हा बोलावलं नाहीस. कशाला बोलावशील? आणि ते दर उन्हाळ्यात विचारत राहिले, त्याचं काही आलं का. नाही म्हटलं की म्हणायचे, 'एकदा बोलावून विसरला.' मी समोर बसून ऐकलं. तेव्हापासून सगळं तीनदा वाचते. त्याचा आता काय उपयोग.

परवा दुपारी ते पाटीला शेवटचा हात देत होते. सहज विचारल्यासारखं म्हणाले, 'त्याच्या दाराला खिळा ठोकता येईल ना गं? की नवीन घरांत ठोकू देत नाहीत?' मला पुढे ऐकवलं नाही. सगळं सांगून टाकलं, फडक्यासकट.

ते ओरडले नाहीत. ब्रश पाण्यात ठेवला, हात पुसले, प्रत्येक बोट वेगळं. म्हणाले, 'पोराला एवढा कसला ताठा, म्हणत होतो मी. सहा उन्हाळे.' आणि मग, 'तिकिटं परत कर. असं लिहिल्यावर कोणत्या तोंडानं त्याच्या दारात उभं राहायचं?'

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना आईला सांगतात, 'तिला विचार, मीठ आहे का.' आई म्हणते, 'मीठ तुमच्या हाताशी आहे.' ती बाबांवर चिडली आहे, माझ्यावर की तुझ्यावर, कळत नाही. बहुतेक तिघांवरही.

तिकिटं परत करायची मुदत एकोणतीसपर्यंत आहे. मी केलेली नाहीत. तू बोलावल्याशिवाय बाबा निघणार नाहीत, आणि बोलाव म्हणायचा मला हक्क उरलेला नाही. तू नको म्हणालास तर मी जाऊन परत करीन आणि बाबांना तुझं उत्तर सगळंच्या सगळं वाचून दाखवीन. माफीबद्दल एक ओळ लिहिली होती. तीनदा लिहिली, तीनदा खोडली. तुझ्यावर तिचं ओझं कशाला.

खुशाली एवढीच की बाबांना पुन्हा चक्कर आलेली नाही.

२२ एप्रिल, सकाळ. हे पत्र काल लिहिलं आणि रात्रभर रंगाच्या डब्याखाली ठेवलं. बूड पुसून. आज चहाच्या आधी बाबांनी ते काढून दोनदा वाचलं. नंतर तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणाले, 'टाक.'

मी पाकीट घेतलं तर थांबवलं आणि पेन मागितलं. खालची सही मी केलेली नाही. एक अक्षर ओळीच्या वर गेलंय, एक खाली घसरलंय. मी विचारलं, दुसऱ्या कागदावर पुन्हा करता का? 'राहू दे,' म्हणाले. 'कुणाची आहे ते तरी कळेल त्याला.'

तुझी,
टिंबू

आणि

बाबा