सासूबाईंना 'निघा' म्हणायचं राहून गेलं, त्याबद्दल

मी वार्तिनाह, दिवंगत हार्जोनो यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार लावेयान, सुराकार्ता, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. सून देविनाला शंका असेल तर तिने डॉक्टरांना विचारावं, मला नको.

१. बाटिकचे तांब्याचे ठसे आणि मेणाची कढई सार्मिनाहला. माझ्या हाताखाली तिनं उमेदीची वर्षं घालवली. नणंदेच्या मुलांना काही नाही. त्यांची आई मला 'रंगाऱ्याची पोर' म्हणायची.

२. घर मुलगा प्रानोतोला. पण एक अट आहे.

आमच्याकडे थोरांशी बोलायची बोली वेगळी, धाकट्यांशी वेगळी. सासूबाईंशी मी जन्मभर वरच्या बोलीत बोलले, त्या माझ्याशी खालच्या. त्या वारल्यावर दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या खुर्चीपुढे फुलं नि चहा ठेवून मी म्हणत आले, "यावं, बसावं." आता आपण निघावं, असं म्हणायला जीभ रेटली नाही. थोरांना कोण हाकलतं? त्या बसूनच राहिल्या.

गेल्या ईदला जाकार्ताहून प्रानोतो-देविनाची मुलगी, माझी नात आली, पालुपी, पाच वर्षांची. आमची जावानीज भाषा तिला कोणी शिकवलेलीच नाही. भर दुपारी ती त्या खुर्चीसमोर बसून अस्सल वरच्या बोलीत विचारत होती, "आपलं भोजन झालं का?" मग मान हलवत ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळून, खालच्या बोलीत:

"काय गं सूनबाई, चहा गार झालाय. दुसरा आण."

"आणते हं, सासूबाई," मी म्हणाले. कप उचललासुद्धा. मग तो तसाच परत ठेवला.

प्रानोतो म्हणाला, "आई, टीव्हीवर ऐकलं असेल तिनं. तुम्ही उगाच घाबरता." बाळा, तो आवाज मी ओळखते. मला पोरीची भीती वाटते.

म्हणून अट: मला पुरेपर्यंत पालुपीनं या घरात पाऊल ठेवू नये.

३. माझ्यासाठी खुर्ची ठेवू नये. कबरीपाशी पालुपीनं धाकट्यांना सांगतात तसं सांगावं, "आजी, जा आता." मी जाईन, पण एकटी नाही. मेल्यावर कसलं थोरलं-धाकटं? सासूबाईंचा दंड धरून म्हणेन, "ऊठ गं म्हातारे, चल."

त्यानंतर पालुपी पुन्हा त्या जागी बोलत बसली, तर घर विकावं. आणि कधी ती देविनाला 'सूनबाई' म्हणाली, तर मीही बसूनच राहिले असं समजावं. त्याच दिवशी पोरीला घेऊन निघा. माझा निरोप घेऊ नका.

सही: वार्तिनाह
साक्षीदार: मार्गोनो, शेजारी, सुहार्ती, त्यांची पत्नी
लावेयान, सुराकार्ता, ९ नोव्हेंबर २००६