सिंकखालची चक्की

३ ऑक्टोबर

सिंकखालची खरकटं दळायची चक्की पुन्हा अडकली! सिंकमध्ये खरकटं तरंगतंय आणि नॉर्माने मला विचारलंसुद्धा नाही — थेट शेजारच्या ड्वेनला फोन! नवरा घरात बसलाय की!

तो आला, सिंकखाली आडवा पडला. "नॉर्मा, काय दळायला घातलंस? नवऱ्याचे मोजे?"

ती हसली. खळखळून! जानेवारीत तिची बहीण रूथ गेली, तेव्हापासून या घरात हसू नव्हतं. माझ्या विनोदांवर तर नाहीच. मी बॅटरी धरून उभा. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

४ ऑक्टोबर

उरलेला ॲपल पाय ड्वेनच्या घरी पोचला. मला टोस्ट.

१२ ऑक्टोबर

या वेळी पीचची बी. ड्वेनने चक्कीच्या खालच्या भोकात ॲलन की, म्हणजे तो वाकडा सहाकोनी पाना, घातली, मागेपुढे फिरवली, बी काढली, लाल बटण दाबलं. झालं. एवढंच?! आणि एवढ्यासाठी ही त्याचं कौतुक करत दारापर्यंत गेली!

१३ ऑक्टोबर

ॲलन की विकत आणली.

७ नोव्हेंबर

आता चक्की माझ्या ताब्यात. आधी थंड पाणी, मग स्विच. घरघर थांबली तरी पाणी थोडा वेळ चालूच. भात, सेलरीचे धागे — सगळं कचऱ्याच्या डब्यात. शनिवारी चक्कीत बर्फ आणि लिंबाची सालं. वास नाही, अडकणं नाही.

ड्वेनने कुंपणावरून विचारलं, "चक्की काय म्हणते?"

"मस्त!"

त्याचं तोंड एवढंसं झालं. जेवण गोड लागलं.

२६ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

नॉर्मा बटाट्यांची सालं सिंकमध्ये लोटत होती. "अगं, लगदा होऊन बसतो त्याचा!" म्हणत मी हातातून ओढूनच घेतली.

"बराच शिकलास हं, लाइल." बस, एवढंच. जेवताना दोघांत भलीमोठी टर्की, आणि काटे-चमच्यांचा आवाज.

१ डिसेंबर

"ड्वेन येत नाही हल्ली," खिडकीतून बघत म्हणाली.

"त्याचं काय काम इथे?"

"रूथसारखं बोलतो तो. तसेच फालतू विनोद. डोळे मिटले की तीच आल्यासारखी वाटते."

ड्वेनचा राग अजून येतो. पण हिच्याकडे बघवत नाही.

२ डिसेंबर

ती अंघोळीला गेल्यावर टर्कीचं हाड मीच चक्कीत टाकलं. स्विच दाबला. खडखडाट — मग ठप्प. ड्वेनला फोन केला. म्हटलं, "ये रे बाबा, माझ्याच्यानं होत नाही."